ब्लेड अर्ध्यात सोडलेल्या सगळ्यांसाठी (स्पॉयलर आहेत, शेवटासकट)

कामेन रायडर या जपानी सुपरहिरो मालिकांच्या गप्पांत त्यातल्या ब्लेड या सिरीजचं नाव निघालं की दोन मिनिटांत कोणीतरी ते ओन्दुरुचं मीम टाकतं आणि विषय तिथेच संपतो, आणि मला दरवेळी वाईट वाटतं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पहिल्याच एपिसोडमध्ये हिरो केनझाकी आपल्या सीनियर ताचिबानाला जीव तोडून विचारतो की तुम्ही खरंच गद्दारी केलीत का, पण उच्चार असे झालेत की "होन्तो नी" (म्हणजे खरंच) चं "ओन्दुरु" ऐकू येतं. जपानी लोकांनी त्याची अख्खी ओन्दुरु भाषाच बनवली.

आता दोष आहेत, ते मी लपवत नाही. 2004 च्या जानेवारीत सुरू झालेल्या या 49 एपिसोडच्या सिरीजचा पहिला अर्धा भाग विस्कळीत आहे. रायडर्सना, म्हणजे या हिरोंना, पगार देणारी बोर्ड नावाची संस्था सुरुवातीलाच उद्ध्वस्त होते, अजून ती आपल्याला नीट कळलेलीही नसते. ताचिबाना कोणावरही विश्वास ठेवतो आणि फसतो, मग परत फसतो. मुत्सुकी या शाळकरी रायडरचा ट्रॅक तर इतका ताणलाय की मीही एकदा वैतागून बंद केली होती. मुख्य लेखक आधी शोजी इमाई होते, नंतर शो आइकावा आले, आणि तो सांधा दिसतो.

पण हाजिमे बघा ना. 53 अनडेड, म्हणजे न मरणारे जीव (हरवून फक्त कार्डात सील, म्हणजे कैद करता येणारे), प्रत्येक जण आपापल्या प्रजातीसाठी लढतोय, जो जिंकेल त्याच्या प्रजातीचं जग. त्यात जोकर एकटाच असा की त्याची प्रजातीच नाही, तो जिंकला तर सगळी जीवसृष्टी खलास. आणि हा जोकर, म्हणजेच हाजिमे, माणसाचं रूप घेऊन एका कॅफेत राहतो, आपल्याच लढाईत सापडून मेलेल्या एका फोटोग्राफरच्या बायकोपाशी आणि लहान मुलीपाशी. सुरुवातीला त्याला स्वतःलाच कळत नाही की आपण इथे का थांबलोय. हळूहळू त्याला त्या घराची माया लागते, आणि ते कुठे भाषण देऊन सांगितलेलं नाही.

केनझाकीचे आईवडील लहानपणी आगीत गेले, तो वाचवू शकला नाही, म्हणून आता सगळ्यांना वाचवायचंय. साधा माणूस, पगारावर रायडर झालेला. किंग फॉर्म हे आपलं सगळ्यात ताकदवान रूप घेताना एकाच किंग कार्डातल्या अनडेडशी एकरूप व्हायला हवं तर हा तेराही कार्डांशी होतो, तेव्हा आपल्याला वाटतं वा काय पॉवर! पण तिथेच त्याचा शेवट पेरलेला असतो. शेवटी एकटा जोकर उरतो, जग संपायला लागतं, आणि हाजिमेला सील केलं तरच सगळे वाचणार. केनझाकी काय करतो, तर मुद्दाम किंग फॉर्ममध्येच लढत राहून स्वतः जोकर होतो, कारण दोन अनडेड उरले तर लढाई संपतच नाही. त्याचं रक्त अनडेडसारखं हिरवं निघतं तो क्षण मी आजही बघू शकत नाही नीट. मग दोघांनी परत कधीच भेटायचं नाही, भेटले तर लढावं लागेल, म्हणून तो निघून जातो आणि हाजिमे माणसांत राहतो.

रविवारी सकाळी लहान मुलांसाठी लागणाऱ्या कार्यक्रमात हा शेवट केलाय हो! हिरो जिंकला, जग वाचलं, मित्रही वाचला, आणि त्याची किंमत त्याने एकट्याने भरली.

2019 मध्ये झी-ओ या नंतरच्या कामेन रायडर सिरीजमध्ये त्याच दोन कलाकारांना आणून केनझाकी आणि हाजिमेची भेट घडवली. ते दोघं एकत्र दिसले तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू, पण माझ्यासाठी ब्लेडचा शेवट 2005 चाच.

तेव्हा ज्यांनी मुत्सुकीला कंटाळून सोडलीये त्यांनी परत पहिल्यापासून नका बघू, थेट किंग फॉर्मच्या थोडं आधीपासून सुरू करा. आणि मग सांगा मला.