तांब्याचं पाणी विषाणूचा आरएनए तोडत नाही

'तांबं आरएनए तोडतं हे सिद्ध झालंय, म्हणून रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी प्या, शरीरातला विषाणू मरेल,' असा संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. आरएनए म्हणजे अनेक विषाणूंची जनुकीय माहिती वाहणारी लांब रेणूसाखळी. त्यात थोडं खरं विज्ञान आहे, म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

'तांबं आरएनए तोडतं.' प्रयोगशाळेत हे काम तांबं, जस्त किंवा लँथॅनाइड धातूंची खास घडवलेली संयुगं करतात. आरएनएच्या साखरेवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, जो डीएनएत नसतो. तोच शेजारच्या फॉस्फेटवर, म्हणजे साखरांना जोडणाऱ्या दुव्यावर, चाल करून जातो आणि साखळी तुटते. धातू फॉस्फेटचा ऋणभार सावरतो. धातूला धरून असलेला हायड्रॉक्साइड त्या गटाचा प्रोटॉन ओढून घेतो. जस्ताचे दोन आयन एकाच रेणूत नेमक्या अंतरावर बसवले, तर वेग खूप वाढतो. ते अंतर साधणं हीच खरी कारागिरी. त्यातही बरीच मोजमापं खऱ्या आरएनएवर नव्हे, तर सहज तुटणाऱ्या नमुना रेणूवर होतात. तो तुटला की द्रावण पिवळं होतं.

'पाण्यातलं तांबं विषाणूपर्यंत पोचतं.' शरीर तांब्याला मोकळं फिरूच देत नाही. रक्तात ते सेरुलोप्लाझ्मिन, अल्ब्युमिन अशा प्रथिनांना बांधलेलं असतं. पेशीतही ते हातोहात नेणारी प्रथिनं आहेत.

'फक्त विषाणूचाच आरएनए तुटेल.' पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या आपल्या प्रत्येक रायबोसोममध्ये आरएनए आहे आणि त्याचे बंध विषाणूच्या बंधांसारखेच आहेत. तांब्याला आपला-परका कळत नाही. ती निवड हवी म्हणून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी धातूचं संयुग पीएनए या डीएनएसारख्या कृत्रिम रेणूच्या धाग्याला जोडलं. हा धागा जुळणाऱ्या आरएनएलाच चिकटतो आणि काप तिथेच बसतो. हंड्यातल्या पाण्यात असं काही नसतं.

'प्रयोग झालेत.' झालेत. २०१५ साली तांब्याच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या २२९ई या मानवी कोरोनाविषाणूचा जनुकीय आरएनए तुकडे-तुकडे झालेला आढळला. पण तो विषाणू धातूवर होता, कुणाच्या फुप्फुसात नव्हता. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मेल्याचं दाखवलं. तेही भांड्यात, पोटात नव्हे.

घरी तांब्याचा हंडा असेल तर त्यात पाणी जरूर भरा. ताक किंवा लिंबाचं सरबत मात्र ठेवू नका. आंबटात तांबं जास्त विरघळतं, मळमळ आणि उलट्या होतात. आणि ताप हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा.