मामांनी वायरी आवरल्या

परवा पहाटे साडेपाचला माझ्या पाळीव सापांच्या खोलीत गेलो, तर तिसऱ्या पेटीतली रॉयल पायथन पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेली. (अजगराची लहान जात; अमेरिकेत हिलाच बॉल पायथन म्हणतात.) साप असा पाण्यात जाऊन बसला की पहिल्या शंका दोनच: अंगावर माइट्स (गोचिडीसारखे बारीक किडे) झालेत, नाहीतर पेटी तापलीय. पेटीच्या गरम टोकाला टेम्परेचर गन धरली. 44 अंश. तिथे 31-32 हवं. थर्मोस्टॅटची घुंडी 31 वर ऐटीत उभी, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, जागेवरून काढून, छान गुंडाळून, वर रबरबँड लावून खुंटीला टांगलेला.

तो रबरबँड मला अजून झोंबतोय.

बायकोचे मामा महिन्याभरासाठी आमच्याकडे इंग्लंडात स्लाऊला आलेत. वीज मंडळातून निवृत्त. जेट लॅगमुळे तीनला उठतात आणि उठले की आवरतात.

"मामा, ही वायर तुम्ही हलवलीत?"

"कुठली? ती होय! जावईबापू, ती कशालाच जोडलेली नव्हती. नुसतंच टोक लोंबत होतं."

"ते टोकच तापमान बघतं."

"एवढंसं?"

"एवढंसंच असतं."

"आमच्या सबस्टेशनला हे चाललं नसतं," मामा म्हणाले, आणि चहाला गेले.

आता बिचाऱ्या थर्मोस्टॅटच्या बाजूने बघा. त्याला पेटी दिसत नाही, साप दिसत नाही. प्रोब सांगेल तेच खरं. प्रोब खुंटीवर, खोलीत 18 अंश. त्याला वाटलं साप गारठलाय, म्हणून त्याने इमानेइतबारे पेटीखालच्या हीट मॅटला, म्हणजे तापणाऱ्या चटईला, रात्रभर वीज दिली. प्रोब निसटला तरी हेच होतं, सापाने भांडं सांडून प्रोब भिजवला तरी हेच. आणि साप तरी शहाणा असावा! अंधारात उंदराची ऊब ओळखणारे खळगे या पायथनच्या ओठांवर, पण पोटाखालची जमीन भाजतेय हे वेळेवर कळेलच असं नाही. तिथेच पडून राहतो आणि पोट भाजून घेतो. आमची भांड्यात गेली, नशीब. भाजल्याच्या खुणा कधीकधी काही दिवसांनी उमटतात, म्हणून रोज तिचं पोट तपासतोय. मामांना वाटतं, मी लाड करतोय.

चहाचा कप घेऊन मामा परतले. "चार पेट्यांना चार थर्मोस्टॅट? एकाच्या पैशात झालं असतं."

नसतं झालं. दोन पेट्या रॉयल पायथनच्या, दोन कॉर्न स्नेकच्या. कॉर्नला गरम टोक 28 ते 30 पुरतं. शिवाय वरच्या खणातली पेटी खालच्यापेक्षा गरम राहते, कारण ऊब वर चढते. प्रोब ज्या पेटीत, त्या एकीचाच हिशेब बरोबर. बाकीच्या तीन रामभरोसे. एकच जात, एकसारखे डबे आणि सगळ्यांखालून एकच तापणारी पट्टी असा रॅक असेल तर एक थर्मोस्टॅट चालतो, पण प्रोब सगळ्यात गरम राहणाऱ्या डब्याला लावायचा.

"मग पंख्याचा रेग्युलेटर लावा. आहे काय त्यात!"

त्यात हेच आहे की रेग्युलेटर वीज कमी करतो, त्याला तापमान कळत नाही. दुपारी खोली सात-आठ अंशांनी तापली की पेटीही तिच्या मागोमाग. मॅटला साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट पुरतो. सिरॅमिक हीटरला पल्सवाला (वीज ठोक्याठोक्याने देणारा) लागतो, आणि भोवती जाळी, कारण साप त्यालाही विळखा घालायला कमी करत नाही. बल्बला डिमिंगवाला (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), ऑन-ऑफवर बल्ब डोळे मिचकावत बसतो आणि लवकर उडतो.

आणि थर्मोस्टॅटही मरतो. आतल्या रिलेचे, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले की मॅट कायमची चालू. म्हणून पहिल्याच्या आधी दुसरा थर्मोस्टॅट जोडायचा, त्याला स्वतःचा वेगळा प्रोब द्यायचा आणि तो दोन-तीन अंश वर लावायचा. एरवी तो नुसता बसून असतो. पहिला बिघडला की हा वीज तोडतो.

"वॉचमनवर वॉचमन," मामा म्हणाले. पहिल्यांदाच पटलं असावं. पण लगेच, "आणि बिल?"

चार मॅट, प्रत्येकी 20 वॅट. थर्मोस्टॅट त्यांना साधारण निम्मा वेळ चालू ठेवतो. म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट. मामांच्या खोलीतला दोन किलोवॅटचा ब्लोअर रात्रभर आठ तास चालतो. सोळा युनिट. त्याला थर्मोस्टॅट नाही. मामेसासऱ्यांना हे आकडे सांगायची प्राज्ञा नाही, म्हणून इथे लिहितोय.

आवराआवर वायरीवर थांबली नव्हतीच. सॉकेटकडे जाणाऱ्या वायरला मी खाली झोळ दिला होता, म्हणजे वरून पाणी सांडलं तर ते झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात उतरत नाही. मामांनी तो ओढून सरळ केला. लोंबतं बरं दिसत नाही म्हणे.

बायकोचं म्हणणं, चांगल्या मनाने केलं त्यांनी. असेल. या घरी येणारा प्रत्येक जण सापाला घाबरतो, जो बिचारा पेटीतून हलत नाही. वायरींना कोणी घाबरत नाही. नागपंचमीला दूध पाजता का, हे मात्र सगळे विचारतात.

काल प्रोब परत बसवला: मॅट आणि डब्याच्या तळाच्या मध्ये, बाहेरून, अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीच नाही; सुटली की सापाला चिकटते आणि सोडवताना खवले घेऊन येते. तळाखाली प्रोब म्हणजे मॅट आणि साप यांच्या मध्ये प्लास्टिक आलं, म्हणून आत 31 मिळवायला घुंडी 34 वर न्यावी लागली. गनने दर तासाला बघत, अर्धा दिवस गेला.

शेवटी प्रत्येक वायरीला मराठीत चिठ्ठी बांधली: "हात लावू नये." मामांनी चष्मा लावून चारही वाचल्या.

"छान केलंत. पण इथे आपल्याशिवाय मराठी वाचणारं आहे कोण?"