झिजलेलं चालेल, घासलेलं नको

परवा रात्री एका मित्राने दोन फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "सांग, कुठलं घेऊ?"

दोन्ही फोटोंत एकच नाणं. अमेरिकेचा लिंकन सेंट, साल 1914, सालाखाली डेन्व्हर टाकसाळीचं डी अक्षर. पहिलं लखलखीत, लिंकनची दाढी स्पष्ट, मागच्या गव्हाच्या लोंब्यांची रेघ न् रेघ वेगळी. दुसरं गडद तपकिरी, लोंब्यांच्या रेघा जवळपास पुसलेल्या. किंमत दोन्हींची साधारण सारखीच. मी म्हणालो, दुसरं घे. त्याला ते अजिबात पटलं नाही. "अरे, त्याच पैशांत इतकं सुंदर मिळतंय आणि तू मला घासून गुळगुळीत झालेलं घ्यायला सांगतोस?" फोनवर मला त्याला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बेताचे पैसे हातात असताना पहिली की डेट घ्यायला निघालेल्या इतरांनाही याचा उपयोग होईल.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या नाण्याची मालिका वर्षानुवर्षं पाडली जाते. त्यातली बहुतेक सालं सहज मिळतात, दोन-चार सालं मात्र अडून बसतात. अल्बममध्ये तेवढीच घरं रिकामी राहतात. ती सालं म्हणजे की डेट. अमेरिकन नाण्यांत सालाबरोबर टाकसाळही बघावी लागते, कारण त्याच सालचं फिलाडेल्फियाचं नाणं ढिगाने मिळतं आणि सॅन फ्रान्सिस्कोचं शोधून सापडत नाही.

नवा माणूस सगळ्यात आधी विचारतो, "किती पाडली होती?" मीही हेच विचारायचो. पण या एका आकड्यावर विसंबून पैसे टाकले तर फसायला होतं. लिंकन सेंटमधलीच दोन नाणी घ्या. 1914 डी पाडली गेली 11,93,000. 1931 एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची, 8,66,000. आकडा बघितला तर 1931 एस जास्त दुर्मिळ ठरायला हवं. प्रत्यक्षात 1914 डी त्याच्यापेक्षा महाग आहे, आणि चांगल्या अवस्थेतलं असेल तर कितीतरी महाग. कारण 1914 साली या नाण्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. टाकसाळीच्या खुणेप्रमाणे सेंट जमवणारे लोक तेव्हा मोजकेच होते. नाणी बाजारात गेली, खिशाखिशांतून फिरली, चाळीस-पन्नास वर्षं झिजत राहिली. 1931 ची गोष्ट वेगळी. मंदीचा काळ होता, नाणी कमी पाडली गेली, आणि ती कमी आहेत हे लोकांना लवकर कळलं. गठ्ठेच्या गठ्ठे कोरे बाजूला काढले गेले. त्यामुळे आज 1931 एस बरंचसं चांगल्या अवस्थेतच सापडतं.

माझं सगळं म्हणणं या फरकात आहे. कुठल्या ग्रेडचं, म्हणजे किती झिजलेलं किंवा टिकलेलं, नाणं घ्यायचं हे खिशावरून ठरवण्याआधी ते साल जपलं कसं गेलं हे बघा. 1931 एसमध्ये झिजलेलं आणि चांगलं यांच्या किमतीत फार मोठं अंतर नसतं, तेव्हा दोन महिने जास्त थांबा, थोडे अधिक पैसे जमवा आणि चांगलंच घ्या. तिथे झिजलेलं घेऊन फारसं काही वाचत नाही. 1914 डीमध्ये नेमकं उलटं. तिथे ग्रेडची एकेक पायरी चढताना किंमत अशी चढत जाते की मध्यम बजेटच्या माणसाने खालच्या पायरीवरच थांबावं, आणि समाधानाने थांबावं. तीच गोष्ट 1916 डी मर्क्युरी डाइमची, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याची. पाडली गेली फक्त 2,64,000, आणि जी उरली त्यातली बहुतेक इतकी झिजलेली की काहींच्या कडाही अक्षरांत मिसळल्या आहेत. ते नाणं त्या अवस्थेतच सापडायचं, त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.

आकड्याने फसवल्याची याहून ठळक उदाहरणं आहेत. जेफरसन निकेल या पाच सेंटच्या नाण्यातलं 1950 डी पाडलं गेलं 26,30,030, त्या मालिकेसाठी फार कमी. पण त्याच वेळी लोकांनी ते इतकं साठवलं की आज कोरं करकरीत नाणं सहज मिळतं, वापरलेलं मात्र शोधावं लागतं. न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या 1903 च्या चांदीच्या डॉलरचं तर विचारूच नका. कोऱ्या अवस्थेत तो मॉर्गन डॉलर या मालिकेतला सगळ्यात अवघड मानला जायचा. 1962 साली अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतून थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि बघता बघता त्याची किंमत कोसळली. उलट बाजूला पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया. राजाच्या पोशाखावर गळ्यातल्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, 1912 पासून तो हत्ती बदलला, आणि 1911 ची बरीचशी नाणी वितळवली गेली. टाकसाळीतून किती निघाली यापेक्षा किती वाचली हे तिथे मोलाचं ठरलं.

आता सगळ्यांच्या लाडक्या 1909 एस व्हीडीबीबद्दल. लिंकनच्या जन्मशताब्दीचं ते नाणं 2 ऑगस्ट 1909 ला बाजारात आलं. मागच्या बाजूला अगदी तळाशी शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं होती. ती फार ठळक आहेत अशी टीका झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली गेली. तेवढ्या अवधीत सॅन फ्रान्सिस्कोने 4,84,000 नाणी पाडली होती. गोष्ट छान आहे आणि नाणं मलाही फार आवडतं. पण हे नाणं कधीही शोधा, विक्रीला मिळतंच. लोकांनी पहिल्या दिवसापासून कौतुकाने जपलेलं नाणं आहे ते. त्याची किंमत त्याच्या नावामुळे आहे, कारण प्रत्येकाला ते हवंच असतं. म्हणून बेताच्या बजेटची पहिली की डेट म्हणून मी ते सुचवत नाही. त्याच वर्षीचं, आद्याक्षरं काढून टाकल्यानंतरचं 1909 एस घ्या. ते 18,25,000 पाडलं गेलं, ते स्वस्तही आहे आणि त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. आणि व्हीडीबीच हवं असेल तर घाई मुळीच करू नका. हे गेलं तर दुसरं येईल, आणि चांगलं येईल.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी पहिली की डेट व्हीडीबीच होती आणि ती मी घाईत घेतली. वर्षभर पैसे साठवले होते. नाणं नारिंगी-गुलाबी झाक असलेलं, चकचकीत. इतकं जुनं नाणं इतकं चमकतंय याचाच मला आनंद झाला. काही महिन्यांनी एका संध्याकाळी टेबल-लॅम्पखाली ते सहज तिरकं धरलं आणि सबंध नाण्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. कुणीतरी कधीतरी ते घासून उजळवलं होतं. तपासणीला पाठवलं, तिथूनही तेच उत्तर आलं: नाणं अस्सल, पण साफ केलेलं, त्यामुळे ग्रेडचा आकडा मिळणार नाही, नुसता 'डिटेल्स' शेरा. मला त्याचं फार वाईट वाटलं. पैशांचं वाटलंच, पण त्याहून जास्त याचं की शंभर वर्षांत त्या तांब्यावर हळूहळू चढलेला थर कुणीतरी दोन मिनिटांत काढून टाकला होता आणि तो आता कुणालाच परत आणता येणार नाही.

म्हणून मित्राला म्हणालो, दुसरं घे. पहिल्या फोटोतल्या नाण्याच्या स्लॅबवर, म्हणजे तपासणी करणारी संस्था नाणं ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालून देते तिच्यावर, बारीक अक्षरात तोच 'डिटेल्स' शेरा होता. म्हणून तर इतकं ठसठशीत नाणं त्या झिजलेल्या नाण्याच्या किमतीला मिळत होतं. झीज ही नाण्याच्या आयुष्याची खूण आहे. हजारो हातांनी ते वापरलं, त्याने आपलं काम केलं. घासणं, ॲसिडमध्ये बुडवणं, दागिना करायला भोक पाडून ते पुन्हा बुजवणं, ही नाण्याला झालेली इजा आहे. विकायची वेळ आली की हा फरक पैशांतही दिसतो. साधं झिजलेलं, निर्दोष की डेट घ्यायला माणूस लगेच मिळतो. 'डिटेल्स'वालं दाखवलं की समोरचा भावात काटछाट सुरू करतो.

बघायचं कसं? प्रत्यक्ष हातात असेल तर एकच दिवा लावा आणि नाणं हळूहळू तिरकं फिरवा. जुन्या तांब्याचा रंग एकसारखा, खोल तपकिरी असतो, उंचवट्यांवर किंचित फिका. सपाट भाग उजळ आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं अडकलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते घासलेलं असतं. तपकिरी रंग एखाद्या वार्निशसारखा सगळीकडे सपाट पसरलेला दिसला तर साफ केल्यावर मुद्दाम चढवलेल्या रंगाची शंका घ्यावी. पृष्ठभाग खडबडीत, बारीक छिद्रांचा वाटला तर जमिनीतल्या ओलीने खाल्लेलं असतं. फोटोवरून घेत असाल तर विकणाऱ्याकडे दिव्याखाली फिरवलेल्या नाण्याचा छोटा व्हिडिओ मागा. जो द्यायला टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. यात मी आता कुणालाच सवलत देत नाही.

बनावटीचं भय की डेटमध्ये सगळ्यात जास्त. 1914 डी करायची जुनी युक्ती म्हणजे 1944 डी घ्यायचं आणि पहिला 4 कोरून त्याचा 1 करायचा. ही लबाडी दोन ठिकाणी उघडी पडते. 9 आणि 1 यांच्यात वाजवीपेक्षा जास्त मोकळी जागा राहते. आणि ब्रेनर यांची आद्याक्षरं 1918 पासून लिंकनच्या खांद्याखाली अगदी बारीक अक्षरांत परत आली, ती 1914 च्या नाण्यावर असूच शकत नाहीत. 10 पटीच्या भिंगातून खांदा बघा. आद्याक्षरं दिसली तर विषय संपला. त्या जागी खरवडल्यासारखं दिसलं तरी संपला. 1909 एस व्हीडीबीमध्ये फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर एस चिकटवतात. अस्सल नाण्यांसाठी पुढच्या बाजूचे चारच ठसे वापरले गेले होते, त्यामुळे एस कुठे असायला हवा हे ठरलेलं आहे, आणि त्या एसच्या वरच्या वळणात एक अतिसूक्ष्म उंच ठिपका असतो. 1916 डी डाइमवरही असाच डी चिकटवतात, तिथेही मागच्या बाजूचे ठसे चारच. खुणांचे मोठे फोटो शेजारी ठेवून जुळवा. वजनही करा: त्या काळचा सेंट 3.11 ग्रॅम, डाइम 2.5 ग्रॅम. अर्थात वजन बरोबर आलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही, कारण अक्षर चिकटवलेलं नाणं मुळात खरंच असतं. चुकीचं आलं तर मात्र ताबडतोब परत करा.

म्हणूनच पहिली की डेट पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्थांच्या स्लॅबमध्येच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. या दोन्ही संस्था 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या आणि 1 ते 70 च्या शेल्डन मोजपट्टीवर ग्रेड देतात. पण स्लॅबही बनावट निघतात. वरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून बघाच, तिथे फोटो असेल तर तोच डाग, तोच ओरखडा आहे का ते जुळवा. आणि लेबल बघून डोळे मिटू नका. एकाच ग्रेडच्या दोन नाण्यांत एक देखणं असतं, दुसऱ्याच्या लिंकनच्या गालावरच खोल ओरखडा असतो. गुड 4 या बऱ्याच झिजलेल्या ग्रेडमध्येसुद्धा पूर्ण कड, ठळक साल, स्वच्छ टाकसाळखूण आणि एकसारखा रंग असलेलं नाणं मिळतं. त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा. त्या वर्षात पाच-सहा नाणी नाकारावी लागतील. दर वेळी जीव हळहळतो, पण तेवढ्यात नजर तयार होते.

कर्ज काढून की डेट घेऊ नका, आणि किंमत वाढेल या हिशेबाने तर नकोच. घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत अंतर असतं, ते भरून यायला वर्षं लागतात. पैसे कमी पडत असतील तर अल्बममधली जास्तीची, दुबार नाणी आधी विका. मी माझं 1914 डी तसंच घेतलं. सव्वाशेच्या आसपास साधी नाणी गेली आणि त्या जागी एक आलं. तपकिरी, झिजलेलं, कुणीही न छेडलेलं. घेतल्यावर मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवट चिकट थर येतो.

हे लिहीत असतानाच मित्राचा तिसरा फोटो आला. पुन्हा 1914 डी, तपकिरी, लोंब्यांच्या काही रेघा अजून शाबूत, 9 आणि 1 मधलं अंतर बरोबर, खांद्याखाली काही नाही. वरच्या उजव्या कडेला मात्र एक टोला पडलेला दिसतोय. त्याने विचारलंय, "हे चालेल?" मी लिहिलंय, टोला मागच्या बाजूपर्यंत गेलाय का ते बघू, दुसऱ्या बाजूचा फोटो पाठव.