आधी आकडा सांगा!

लोअर परळ घ्या नाहीतर काळा घोडा, डिझायनर फर्निचरच्या दुकानात तऱ्हा एकच. टेबलावर लाकडाचं नाव आहे, डिझायनरचं आहे, प्रेरणा कुठून मिळाली त्याचं अख्खं पुराण आहे. किंमत तेवढी नाही. विचारली की आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळणार, मग ‘मॅम, बजेट काय आहे तुमचं?’ अहो, आधी आकडा तर सांगा! खुर्चीवर ‘कृपया बसू नये’ची पाटी. मग काय आरती ओवाळू तिला?

वर ‘सॉलिड वुड फील’. खालून हात फिरवला तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी, वरती कागदाएवढा सागाचा पापुद्रा. पावसाळ्यात कडेला पाणी मुरलं की फुगलंच समजा, आणि स्क्रू एकदा ढिला झाला की परत धरत नाही. दिवे इतके मंद का ठेवतात, ते आता कळलं.

आजीच्या न्हाणीतला तांब्याचा बंब इथे ‘व्हिंटेज प्लांटर’ होऊन दारात उभा! (आतला मनी प्लांट मात्र प्लॅस्टिकचा.) ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात निदान घासाघीस तरी करता येते. इथे डिलिव्हरीच दोन-अडीच महिन्यांनी, आणि सोफा लिफ्टमध्ये मावला नाही तर जिन्याने चढवायचे पैसे वेगळे!