उकळतं पाणी नको
लेख आवडला, पण जॅस्मिन टीवर (मोगऱ्याचा वास मुरवलेल्या चहावर) खळखळ उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, हा त्यातला सल्ला काही पटला नाही. या चहाचा पाया बहुतेक वेळा ग्रीन टी असतो. तो इतक्या गरम पाण्यात कडवट होतो आणि मोगऱ्याचा वास दबून जातो. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं, दोन-अडीच मिनिटं पुरे. झाकण मात्र ठेवाच, आणि उचललं की आधी त्याची आतली बाजू हुंगून बघा, निम्मी मजा तिथेच आहे! तीच पत्ती दुसऱ्या कपालाही चालते.

बाकी, डब्यात वाळलेली फुलं जास्त दिसली म्हणून भुलू नका. चीनमधल्या फूचौच्या पारंपरिक पद्धतीत रात्री उमलणाऱ्या कळ्यांचा वास पत्तीत मुरला की फुलं काढूनच टाकतात.