‘मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला’ या रिव्ह्यूला न्यूझीलंडमधल्या बंदुकांच्या दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. तुम्ही ठेवून गेलेली रायफल सोमवारी पूर्ण उघडून तपासली, मंगळवारी रेंजवर नेली, म्हणून उत्तराला दोन दिवस उशीर झाला. तुम्ही मराठीत लिहिलंत, मीही मराठीतच लिहितो.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही ३०० विन मॅग, म्हणजे मोठ्या ताकदीच्या काडतुसाची रायफल मागितली होती, ती न देता मी ६.५ क्रीडमोर ही कमी धक्क्याची गळ्यात मारली. १ एमओएची, म्हणजे १०० मीटरवर गोळ्या साधारण तीन सेंटिमीटरच्या आत पडण्याची हमी दिली, पण रेंजवर पाच गोळ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) साडेपाच सेंटिमीटर आला. हॉपकिन्स खोऱ्यात चढताना पट्टा अडकवायचा पुढचा स्टड (खुंटी) निघाला आणि रायफल दगडावर पडली. दुसऱ्या दिवशी ५०० मीटरवर उभा असलेला ताहर (मूळचा हिमालयातला रानबकऱ्यासारखा प्राणी) हुकला, गोळी पाठीवरून गेली. आणि शेवटी, "मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला, तिथेच चूक झाली."

आधी स्टडबद्दल बोलतो, कारण ती चूक आमची आहे. स्टॉक (रायफलचा दस्ता) वेगळा करून पाहिला. पुढच्या स्टडचा आतला नट कोरडा होता, थ्रेडलॉकरचा, म्हणजे नट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक निळा थेंबसुद्धा नव्हता. ती रायफल दुकानातल्या पोराने नाही, मी स्वतः जोडली होती. मे महिन्याच्या आधीचा शुक्रवार, संध्याकाळी तीन रायफली द्यायच्या होत्या, आणि घाईत ती पायरी राहिली. चार किलोची वस्तू पाच तास हिंदकळत राहिली की कोरडा नट सुटणारच. यात तुमचा काही दोष नाही. मी मनापासून माफी मागतो.

पण गोष्ट स्टडवर थांबत नाही. स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) वरच्या टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली करायच्या चकतीच्या, कडेला खरचटलंय आणि त्या खाचेत राखाडी दगडाची भुकटी अजून अडकलेली आहे. तुमच्याच डब्यातल्या तीन गोळ्या १०० मीटरवर झाडल्या. तिन्ही जवळजवळ लागल्या, पण नेमाच्या चार सेंटिमीटर वर. रायफल नेम धरते आहे, झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी यांची जुळणी) हललाय. १०० मीटरवर चार म्हणजे ५०० मीटरवर वीस सेंटिमीटर. तुमच्या हुकलेल्या गोळीतला एवढा वाटा माझ्या न लावलेल्या थेंबाचा आहे.

बाकीचा वाटा कुठला, तेही सांगतो, नाहीतर पुढच्या खेपेला तीच गोष्ट पुन्हा घडेल. तुम्ही सोंडेवर होतात, जनावर खाली घळीत होतं. तुमच्या फोटोवरून उतार तीस अंशांच्या आसपास दिसतो. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) ५०० दाखवलं ते डोळ्यापासून जनावरापर्यंतचं तिरपं अंतर. गोळी किती खाली येणार हे मात्र साधारणपणे आडव्या अंतरावर ठरतं, आणि तीस अंशांच्या उतारावर ५०० मीटरचं आडवं अंतर ४३३ मीटरच भरतं. स्टॉकला चिकटवलेल्या तक्त्यातला ५०० चा आकडा तुम्ही टरेटवर फिरवलात, त्यामुळे गोळी जवळपास फूटभर वरून जाणार होती. त्यात झिरोचे वीस सेंटिमीटर मिळवा. गोळी पाठीवरून गेली हे तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत.

रेंजफाइंडर आमच्याकडचंच. त्यात कोनाचा हिशेब करून अंतर दाखवणारा मोड आहे, तो बंद होता. मी काउंटरवर त्याबद्दल बोललो होतो असं मला आठवतं, पण मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना बोललेलं कोणाच्या लक्षात राहतं? मोड चालू करूनच तुमच्या हातात द्यायला हवं होतं. आता तसंच देतो.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून राहिली. रायफल पडली की झिरोवर विश्वास ठेवायचा नाही. आवाजाने खोरं रिकामं होईल, एवढ्या चढाईनंतर दिवस वाया जाईल, या भीतीने तिथे कोणाला गोळी झाडावीशी वाटत नाही, हे मला कळतं. तरी मागे सुरक्षित मातीचा उतार बघायचा, १०० मीटरवर खोक्याचा पुठ्ठा लावायचा आणि एक गोळी झाडून बघायची. दिवस गेला तरी चालेल.

आता ३०० विन मॅगबद्दल. तुम्हाला हवी होती ती रायफल मी विकलेल्या रायफलपेक्षा महाग होती. ती दिली असती तर मला चार पैसे जास्तच मिळाले असते. न देण्याचं कारण मी त्या दिवशी रेंजवर पाहिलं होतं. तुम्ही तिच्या चार गोळ्या झाडल्यात. तिसऱ्या वेळी तुम्हाला न सांगता मी मॅगझिनमध्ये डमी काडतूस घातलं होतं. चाप दाबला, फक्त ‘टक’ झालं, आणि तरीही नळीचं टोक चार बोटं खाली गेलं. धक्का बसायच्या आधीच खांदा त्याला तोंड द्यायला पुढे सरसावला होता. हे सगळ्यांसमोर लिहितोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पहिली रायफल घेणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, माझंही झालं होतं. सारख्या वजनाच्या रायफलीत ३०० चा धक्का ६.५ च्या दुपटीहून जास्त असतो. धक्क्याला दचकणाऱ्या हाताला कितीही अचूक नळी दिली तरी गोळी तिकडेच जाते. ताहरसाठी ६.५ ची ताकद कमी पडते असंही नाही. चांगली शिकारी गोळी असेल आणि ती योग्य जागी लागली तर मोठा नरही तिथेच बसतो.

आणि वजन! ज्याच्यावर माझी रोजची भांडणं होतात तो विषय हाच. दुकानात रायफल हातात घेतली की जड रायफल छान वाटते. स्थिर राहते, भरवशाची वाटते. तुम्ही निवडलेली जाड नळीची ३०० मोठा स्कोप, बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावून साडेसहा किलोच्या जवळ गेली असती. तुमच्याकडची ६.५ स्कोप आणि सप्रेसरसह ३.८ किलो भरते. मधला फरक म्हणजे तीन दिवसांचं कोरडं जेवण. तुम्ही हॉपकिन्स चालून आला आहात, म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको. खाली मॅटागौरीचे काटे, त्यात लांब नळी अडकते. मग बीचचं जंगल, मग घसरणाऱ्या दगडांचा उतार, आणि वर गवताचे बुंधे धरून चढायच्या कडेकपारी, जिथे दोन्ही हात मोकळे लागतात. माणूस वर पोचतो तेव्हा छाती भात्यासारखी चालत असते. त्या क्षणी जो दोन किलो कमी वाहून आलाय त्याचा श्वास लवकर खाली बसतो, आणि श्वास बसला की नेम बसतो. डोंगरासाठी रायफल निवडताना मी गिऱ्हाइकाला विचारतो, शेवटच्या तासाला ही कोणाच्या खांद्यावर असणार?

पट्ट्याबद्दलही सांगतो. स्टड पक्का असता तरी त्या चढावर रायफल नुसती खांद्याला लटकवून नेऊ नका. हात वर केला की पट्टा सरकतोच. सॅकच्या बाजूला, नळी वर करून, दोन ठिकाणी आवळून बांधा. चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं ठेवायचं. इथल्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांतला तिसरा नियमच आहे की गोळी झाडायला तयार असाल तेव्हाच चेंबरमध्ये काडतूस घालायचं. जनावर दिसलं की सॅक खाली टाका, आडवे व्हा, सॅकचाच टेकू घ्या. बायपॉडची गरज क्वचितच लागते. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकच्या टेपचा तुकडा लावा, बर्फ-चिखल आत जात नाही.

आणि मुक्कामाला पोचलात की रात्री सप्रेसर काढून ठेवत जा. तुमच्या नळीच्या टोकाच्या आट्यांवर तांबूस ठिपके दिसले. गोळी झाडल्यावर सप्रेसरमध्ये ओल धरते, ती रात्रभर तशीच राहिली की गंज तिथूनच सुरू होतो. ठिपके वरवरचे होते, साफ करून तेल लावलंय.

ग्रुपचं थोडक्यात. १०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर. आमची हमी थंड नळीतून, कार्डावर लिहिलेल्या काडतुसाच्या तीन गोळ्यांची आहे. तुमच्या फोटोत तीन भोकं एकमेकांना चिकटून आहेत आणि दोन वर उजवीकडे. ही नळी टोकाशी जेमतेम १५ मिलिमीटर जाड आहे, लागोपाठ पाच झाडल्या की तापते आणि गोळ्या पसरतात. हलक्या रायफलची ही किंमत आहे आणि ती मी लपवत नाही. पण डोंगरावर कामाची असते ती पहिली, थंड नळीतली गोळी. तीन गोळ्यांची अट पावतीच्या मागच्या बाजूला होती, ती पुढच्या बाजूला हवी हे तुमचं म्हणणं मला पटलं. नव्या पावत्या छापायला दिल्या आहेत.

राहिलं ५०० मीटर. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि गिऱ्हाईक गेलं तरी मत बदलणार नाही. या गोळीला ५०० मीटर जायला सुमारे ०.७ सेकंद लागतात, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला जवळपास अर्धा मीटर ढकलतो, आणि छातीतली नेमकी जागा जेवणाच्या ताटलीपेक्षा मोठी नसते. घळीतला वारा तुमच्याजवळ एक असतो, जनावराजवळ दुसराच. तुमची गोळी पूर्ण हुकली हे त्यातल्या त्यात बरं झालं. थोडी खाली लागली असती तर तो नर पोटात किंवा कण्याजवळ गोळी घेऊन अशा कड्यावर गेला असता जिथे तुम्हालाही पोचता आलं नसतं आणि मलाही. असं जनावर मी एकदा दुर्बिणीतून संध्याकाळपर्यंत पाहिलंय. म्हणून पहिल्या मोसमात ३०० मीटरच्या पुढे चाप दाबू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. ते तुम्हाला ‘लेक्चर’ वाटलं. वाटू दे, मी ते देत राहणार.

रिव्ह्यूखाली भारतातून कोणीतरी विचारलंय की हिमालयातल्या प्राण्याला मारायचं दुकान कसलं चालवता. प्रश्न रास्त आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण इथे न्यूझीलंडमध्ये ताहर १९०४ साली माउंट कुकजवळ आणून सोडला गेला. त्याला खाणारं जनावर इथे नाही, आणि इथली डोंगरमाथ्यावरची झाडं चरणाऱ्या सस्तन प्राण्यांशिवाय वाढलेली. ताहर ती चरून संपवतो. म्हणून १९९३ च्या सरकारी आराखड्यात त्यांची संख्या १०,००० च्या आत ठेवायचं ठरलं. शिकार होते ती त्यासाठी आणि मांसासाठी. म्हणूनच ती नीट, एका गोळीत व्हावी असा माझा आग्रह आहे.

तुमच्या रायफलचं काम झालंय. स्टड नवा बसवला, नट थ्रेडलॉकर लावून आवळला, मागचाही तपासला. स्कोपचे सगळे स्क्रू टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाला लावले, टरेट दहा वेळा वर-खाली फिरवून पुन्हा मूळ जागी येतो का ते पाहिलं. येतो. झिरो पुन्हा बांधलाय. याचे पैसे नाहीत. रायफल नकोच असेल तर पूर्ण पैसे परत देईन, लायसन्स घेऊन या, बंदुकांच्या सरकारी रजिस्ट्रीतली नोंद त्याच वेळी करून टाकू.

ठेवणार असाल तर येत्या शनिवारी किंवा त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी आठला रेंजवर या. क्राइस्टचर्चहून निघायला पहाट होईल, पण दुपारी इथे वारा सुटतो आणि तो तुम्हाला दाखवायचाच आहे. सकाळी २०० आणि ३००, दुपारी वाऱ्यात तेच पुन्हा, आडवे होऊन, सॅकच्या टेकूवर. डमी काडतूस मी आणतो. तुम्ही सॅक भरून आणा, डोंगरावर नेता तशीच, आणि त्याच डब्यातली उरलेली काडतुसं आणा.