एकच सर्व्हे, दोन पेपर

गेल्या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी प्रबंधाचा कच्चा खर्डा घेऊन आली. आधीच्या संशोधनाचा आढावा तिने तक्त्यात मांडला होता, त्यात दोन ओळी माझ्या. "मॅडम, पाणी भरण्यापायी रोज दोन तासांहून जास्त वेळ जाणाऱ्या बायका तुमच्या दोन्ही अभ्यासांत 61 टक्केच निघाल्यात. म्हणजे आकडा पक्का ना?"

पक्का निघणारच. बायका त्याच होत्या.

2012 साली आम्ही एका तालुक्यात 140 घरांतून प्रश्नावल्या भरून आणल्या. त्यावरचा इंग्रजी पेपर एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या आयएसबीएनवाल्या पुस्तकात छापून आला. पुढच्या वर्षी कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची फाईल लावायची होती आणि त्यासाठी लागणारे एपीआयचे गुण कमी पडत होते; छापलेल्या पेपरांवर ते मिळायचे. मग शीर्षकातल्या 'ग्रामीण महिला' काढून 'दुष्काळी भागातील स्त्रिया' घातल्या, प्रस्तावना नव्याने लिहिली, दोन आलेख वाढवले आणि तोच पेपर एका नियतकालिकाला दिला. आधी छापलाय हे कुठेही लिहिलं नाही. विसरून नव्हे, मुद्दाम.

स्टाफरूममध्ये यावर ठरलेलं वाक्य असतं: "स्वतःचंच लिखाण, त्यात चोरी कसली?" मीही ते म्हटलंय. पण चोरी हा शब्द धरला की वाद भलतीकडेच जातो. बिघडतं ते मोजमाप.

ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ऑन्डॅनसेट्रॉन नावाचं औषध देतात. त्यावरच्या छापून आलेल्या चाचण्या ट्रॅमेर नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र तपासल्या आणि 1997 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. 17 टक्के अहवाल आणि 28 टक्के रुग्णांची माहिती दुबार निघाली, आणि तसा उल्लेख कोणी केलेला नव्हता. तेच रुग्ण पुन्हा मोजले की औषधाचा गुण 23 टक्क्यांनी फुगलेला दिसत होता. एकही आकडा खोटा नसताना बेरीज खोटी! माझ्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात छोट्या प्रमाणावर हेच चाललं होतं.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल 2020 मध्ये नोटीस काढून सांगितलं की स्वतःचं जुनं लिखाण उल्लेख न करता नवं म्हणून खपवणं चालणार नाही. बरं झालं. पण आमच्याकडे सगळी मदार साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवर. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून सगळे त्या दहाच्या आत बसवायच्या मागे. सॉफ्टवेअर वाक्यं ताडून बघतं. तीच 140 घरं नव्या वाक्यांत बसवली तर त्याला काय कळणार?

आणि जे खुशाल करावं, तेच करायला लोक घाबरतात. इंग्रजीत छापलेलं मराठीत द्यायला हरकत नाही. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीसुद्धा वेगळ्या वाचकांसाठी दुसऱ्यांदा छापायला परवानगी देते. त्यांच्या अटींत मुख्य म्हणजे दोन्ही संपादकांची संमती हवी आणि मूळ लेख कुठे आला ते स्पष्ट लिहायला हवं. ज्या बायकांनी हंडे बाजूला ठेवून आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यांच्या गावात तो इंग्रजी पेपर कोण वाचणार होतं? दुसऱ्यांदा छापायचाच होता तर मराठीत छापायचा, खाली एक तळटीप टाकून. तेव्हा सुचलं नाही. मराठी लेखाला गुण किती, हा हिशेब आधी डोक्यात आला असणार.

त्या नियतकालिकाच्या संपादकांना परवा मेल केला. परत आला, पत्ता बंद आहे. माझ्या बायोडेटातून तो पेपर खोडला. विद्यार्थिनीला खरं सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली, मग लॅपटॉप उघडून तक्त्यातली एक ओळ काढली. माझ्या अभ्यासांतल्या घरांच्या बेरजेत 280 चे 140 झाले. "मग आता हा एकच अभ्यास उरला, मॅडम," ती म्हणाली, आणि 'पक्का' शब्दही खोडला.